कोलोरॅडो स्प्रिंग्जची खर्चमर्यादा : एका नगराच्या मतदानाचा इतिहास (१९९१–२०२३)

नगराच्या तिजोरीला मर्यादा कोणी घालावी, हा नगरशासनाच्या अभ्यासातील एक जुना प्रश्न आहे. बहुतेक देशांत ही मर्यादा वरिष्ठ शासन कायद्याने घालते, किंवा निवडून आलेली परिषद अंदाजपत्रक मंजूर करताना ती स्वतःपुरती पाळते. अमेरिकेतील काही राज्यांत याहून वेगळा असा एक तिसरा मार्ग रूढ झाला. तेथे मतदार स्वतःच मतपत्रिकेवर प्रश्न मांडतात, बहुमताने तो मंजूर करतात आणि आपल्या प्रतिनिधींचे हात नगराच्या सनदेतच बांधून ठेवतात. कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या नगराने एप्रिल १९९१ मध्ये हा मार्ग पत्करला. त्यानंतर तीन दशके त्या निर्णयाचे पडसाद त्या नगराच्या रस्त्यांवर, उद्यानांत, दिव्यांच्या खांबांवर आणि ओढ्यांच्या पात्रांत उमटत राहिले.

या मर्यादेमुळे शासनाचा खर्च किती घटला, याभोवतीच आजवरचा वाद मुख्यतः फिरत आला आहे. १९९१ ते २०२३ या काळातील मतदाने क्रमाने तपासली असता मात्र दुसरी एक गोष्ट अधिक ठळकपणे नजरेस येते. याच मतदारांनी अनेक वेळा नवे कर स्वखुशीने मंजूर केले. पण प्रत्येक कराचा हेतू व त्याची रक्कम आधी ठरवून घेतली. सर्वसाधारण कारभारासाठी मोकळा पैसा मागितला गेला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. तात्पर्य, खर्चाच्या प्रमाणापेक्षा विश्वासाच्या स्वरूपात या मर्यादेने अधिक खोल बदल घडविला. त्या बदलाचा इतिहास व त्याची किंमत हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१. पूर्वपीठिका

अमेरिकेतील नगरांना मूलतः स्वयंभू अधिकार नाहीत. आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. राज्याने जेवढे अधिकार दिले असतील तेवढेच नगराला असतात, आणि शंका उद्भवल्यास ती नगराच्या विरुद्ध सोडवावी, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. त्याच काळात रेल्वे कंपन्यांना साहाय्य करण्याच्या हौसेपायी असंख्य नगरे कर्जबाजारी झाली होती. परिणामतः राज्यांच्या घटनांत नगरांच्या कर्जावर बंधने आली. इलिनॉय राज्याच्या १८७० च्या घटनेने हे कर्ज करपात्र मालमत्तेच्या मूल्याच्या पाच टक्क्यांपुरते सीमित केले. नागरी खर्चावरील मर्यादेची कल्पना म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस एकाएकी उपजलेली नव्हे. मात्र पूर्वीच्या मर्यादा वरून येत असत; जनतेने स्वतः प्रस्ताव लिहून आणलेल्या त्या नव्हत्या.

जनतेच्या हाती ही लेखणी दिली ती प्रगतिवादी सुधारकांनी. रेल्वे, खाणी व बँका यांच्या पैशाने विधिमंडळे अंकित होतात, असा त्यांचा अनुभव होता. स्वित्झर्लंडचा आदर्श पुढे ठेवून त्यांनी जनोपक्रम व सार्वमत या दोन साधनांचा पुरस्कार केला. ठराविक संख्येच्या सह्या जमविल्यास नागरिकांना कायद्याचा मसुदा थेट मतदानास ठेवता यावा, हे पहिल्याचे सार होते. विधिमंडळाने केलेला कायदा लोकांसमोर मंजुरीसाठी आणता यावा, हे दुसऱ्याचे. दक्षिण डाकोटाने १८९८ मध्ये, ओरेगॉनने १९०२ मध्ये आणि कोलोरॅडोने १९१० मध्ये ही साधने स्वीकारली. धनिकांच्या प्रभावातून शासन मुक्त करावे, त्याला लोकहिताची कामे करण्यास समर्थ करावे, हा त्यामागील मूळ हेतू होता. सुमारे सात दशकांनी तेच साधन शासनाची व्याप्ती आवरण्यासाठी वापरले गेले, ही इतिहासातील एक लक्षणीय कलाटणी होय.

ही कलाटणी प्रथम कॅलिफोर्नियात आली. घरांच्या किमती झपाट्याने वाढत होत्या आणि त्यांच्या मागोमाग मालमत्ता करही वाढत होता. उत्पन्न स्थिर असलेल्या घरमालकांना तो भार असह्य झाला. ६ जून १९७८ रोजी हॉवर्ड जार्विस व पॉल गॅन यांचा ‘प्रस्ताव १३’ सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाला आणि मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला गेला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, गॅन यांचा ‘प्रस्ताव ४’ सुमारे ७४ टक्के मतांनी संमत झाला. त्याने राज्य व स्थानिक संस्था यांचा करांतून होणारा खर्च लोकसंख्या आणि राहणीमानाचा खर्च यांच्या वाढीशी जखडला. कराच्या दरावर मर्यादा घालण्याकडून खर्चाच्या एकूण वाढीवर मर्यादा घालण्याकडे हे पाऊल पडले. १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने अडीच टक्क्यांचा नियम मतदानाने स्वीकारला. कोलोरॅडोतील चळवळ याच लाटेची पुढची कडी होय.

२. नगर आणि प्रस्ताव

कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे नगर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, पाइक्स पीक या शिखराच्या छायेत वसले आहे. रेल्वे उभारणारे जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनी १८७१ मध्ये त्याची स्थापना केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी तळ आला. पुढे वायुदलाची प्रबोधिनी आणि शायेन पर्वताच्या पोटातील हवाई संरक्षण केंद्र यांमुळे नगराला लष्करी वळण लाभले. लोकसंख्या १९९० मध्ये सुमारे २ लाख ८१ हजार होती. २००० मध्ये ती ३ लाख ६१ हजार व २०१० मध्ये ४ लाख १६ हजार झाली. ही वस्ती सुमारे १९५ चौरस मैलांवर विखुरलेली आहे. वस्ती विरळ असली म्हणजे दर माणशी रस्ता, गटार व दिवे यांची लांबी वाढते. पुढील घटनांचा अर्थ लावताना ही भौगोलिक वस्तुस्थिती ध्यानी ठेविली पाहिजे.

नगराचे राजकीय मत बव्हंशी पुराणमतवादी आणि अल्पशासनाकडे झुकणारे. तथापि हे नगर सार्वजनिक उद्योगाला अपरिचित नव्हते. वीज, पाणी व इंधनवायू यांचा पुरवठा नगराच्याच मालकीची संस्था करीत असे, आणि नगरातील प्रमुख रुग्णालयही नगराच्याच मालकीचे होते. शिवाय नगराच्या अर्थव्यवहारातील मोठा वाटा संरक्षणखात्याच्या, म्हणजे संघशासनाच्या खर्चातून येई. शासनाविषयीचा अविश्वास आणि शासनावरील अवलंबन अशा प्रकारे एकत्र नांदत होते.

अशा नगरात १९८६ मध्ये डग्लस ब्रूस हे कॅलिफोर्नियातून येऊन स्थायिक झाले. ते व्यवसायाने वकील. लॉस एंजेलिस येथे त्यांनी सरकारी अभियोक्त्याचे काम केले होते, आणि कोलोरॅडोत ते भाड्याच्या मालमत्तांचे मालक होते. शासनाची वाढ रोखण्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी, या मागणीसाठी त्यांनी राज्यभर प्रचार केला. १९८८ चा त्यांचा प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला; १९९० चा अगदी थोडक्यात हुकला. तेव्हा राज्यात जे साधले नाही ते प्रथम नगरात साधण्यात आले. एप्रिल १९९१ च्या नगर-निवडणुकीत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मतदारांनी करदात्यांच्या हक्कांची ही सनद आपल्या नगर-सनदेत समाविष्ट केली. पुढल्या वर्षी, ३ नोव्हेंबर १९९२ रोजी, तीच कल्पना राज्याच्या मतदारांनी सुमारे ५४ टक्के मतांनी स्वीकारली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘टेबर’ या नावाने ओळखली जाते.

येणेप्रमाणे नगरावर दुहेरी कुलूप बसले. राज्यघटनेतील मर्यादा सैल झाली, तरी नगराच्या सनदेतील मर्यादा शिल्लक राहणार होती.

३. मर्यादेची घडण

या तरतुदीचे तीन भाग पाडता येतात. पहिला भाग संमतीचा. नवा कर, कराच्या दरात वाढ, किंवा एकाहून अधिक वर्षांचे कर्ज यांसाठी मतदारांची पूर्वसंमती अनिवार्य ठरली. दुसरा भाग वाढीच्या गणिताचा. स्थानिक संस्थेचा वार्षिक खर्च महागाईचा दर आणि नव्या बांधकामादिकांमुळे स्थावर मालमत्तेत पडलेली निव्वळ भर, या दोहोंच्या बेरजेइतकाच वाढू शकतो. तिसरा भाग परताव्याचा. मर्यादेपलीकडे जमा झालेला पैसा करदात्यांना परत करावा लागतो. तो ठेवून घ्यावयाचा असल्यास पुन्हा मतदान घ्यावे लागते.

येथे ‘खर्च’ या शब्दाची व्याख्या महत्त्वाची आहे. राखीव निधीत टाकलेली रक्कमही खर्चातच मोजली जाते. त्यामुळे खर्चमर्यादा म्हणून ओळखली जाणारी ही तरतूद वस्तुतः उत्पन्नमर्यादा ठरते. चांगल्या वर्षी साठवून वाईट वर्षी वापरावे, हा संसारातील साधा शहाणपणा नगराला मोकळेपणी आचरता येत नाही. आणीबाणीसाठी तीन टक्के राखीव ठेवण्याचे बंधन तरतुदीतच आहे. पण मंदीमुळे घटलेले उत्पन्न ही तिच्या व्याख्येप्रमाणे आणीबाणी नव्हे.

गणिताचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. मर्यादा आदल्या वर्षाच्या प्रत्यक्ष आकड्यावरून मोजली जाते. समजा, एखाद्या नगराचे उत्पन्न १०० आहे. मंदीच्या वर्षी ते ९० झाले आणि अनुज्ञेय वाढ ४ टक्के आहे. पुढील वर्षी बाजार सावरून उत्पन्न पुन्हा १०० झाले, तरी नगराला ९३.६ एवढेच ठेवता येईल, उरलेले ६.४ परत करावे लागतील. उत्पन्न खाली घसरले की मर्यादा त्याबरोबर घसरते, मात्र वर चढताना ती त्याच गतीने चढत नाही. राज्यशासनापुरता हा दोष २००५ मध्ये मतदारांनी ‘सार्वमत सी’ मंजूर करून दूर केला. तो बदल नगरांना लागू नव्हता.

महागाईचा निर्देशांकही वादग्रस्त ठरला. तो डेन्व्हर परिसरातील कुटुंबांच्या खरेदीवरून काढला जातो. कुटुंबाच्या टोपलीत धान्य, कपडे, घरभाडे असते; नगराच्या टोपलीत डांबर, अग्निशामक बंब, पोलिसांचे वेतन व त्यांचा आरोग्यविमा. या दोन टोपल्यांच्या किमती सारख्याच वाढतील असे मानण्यास आधार नाही.

तरतुदीचा शैक्षणिक पैलू मात्र अनेकदा दुर्लक्षिला जातो. करवाढीचा प्रश्न मतपत्रिकेवर मांडताना त्याची सुरुवात कर वाढवावेत काय, या शब्दांनीच झाली पाहिजे आणि अपेक्षित वार्षिक रक्कम तेथेच लिहिली पाहिजे. निवडणुकीपूर्वी प्रत्येक मतदार-घरी सूचनापत्र जाते, आणि त्यात बाजूच्या व विरोधी मतांचा प्रत्येकी ५०० शब्दांपर्यंतचा सारांश असतो. टीकाकारांच्या मते ही शब्दरचना नकाराकडे कल देणारी आहे. समर्थकांच्या मते शासनाने मागणी करताना किंमत आधी सांगावी, यात गैर काही नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. किंमत मथळ्यात येते आणि लाभ सूचनापत्राच्या आत राहतो, ही वस्तुस्थिती कोणी नाकारीत नाही.

४. हेतूबद्ध कर : १९९७ ते २००४

मर्यादा आल्यानंतर कोलोरॅडोतील बहुसंख्य नगरांनी जादा उत्पन्न ठेवून घेण्यास मतदारांची संमती मिळविली. या प्रक्रियेला प्रस्तावकर्त्याच्या नावावरून ‘ब्रूसमुक्ती’ अशा अर्थाचा शब्दच तेथे रूढ झाला. राजधानी डेन्व्हरने २०१२ मध्ये अशी व्यापक संमती घेतली. कोलोरॅडो स्प्रिंग्जने तसे केले नाही. याचा अर्थ तेथील मतदार प्रत्येक कराला विरोध करीत होते, असा मात्र होत नाही.

एप्रिल १९९७ मध्ये त्यांनी पायवाटा, मोकळ्या जागा व उद्याने यांसाठी एक-दशांश टक्का विक्रीकर मंजूर केला. नोव्हेंबर २००१ मध्ये पोलीस व अग्निशमन यांसाठी चार-दशांश टक्का कर संमत झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये प्रादेशिक वाहतूक प्राधिकरण स्थापन करून त्यासाठी एक टक्का विक्रीकर देण्यास मतदारांनी मान्यता दिली. या तिन्ही करांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक कराचा पैसा कोठे जाणार हे आधी सांगितले गेले होते, आणि तो अन्यत्र वळविण्यास परिषदेला वाव नव्हता.

या सूत्राचे दोन दूरगामी परिणाम झाले. एक म्हणजे नगराचे उत्पन्न उत्तरोत्तर विक्रीकरावर विसंबू लागले. मालमत्ता कर संथ पण स्थिर असतो. विक्रीकर बाजाराबरोबर उसळतो आणि बाजाराबरोबरच कोसळतो. दुसरे असे की अंदाजपत्रक हेतूंच्या कप्प्यांत विभागले गेले. ज्या कामांना नाव व रूप होते त्यांना कप्पे मिळाले. दिव्यांची देयके, झाडांना पाणी, गटारांची साफसफाई, कार्यालयीन नोंदी अशी नित्याची कामे सर्वसाधारण निधीच्या आकुंचित कप्प्यात राहिली. त्यांच्या बाजूने प्रचार करण्यास कोणी पुढे आले नाही, कारण ती कामे नीट चालत असेतो कोणाच्या ध्यानीही येत नाहीत.

५. दिवे मालवले : २००९–१०

२००८ च्या आर्थिक अरिष्टात विक्रीकराचे उत्पन्न घसरले आणि वर वर्णिलेल्या रचनेची कसोटी लागली. परिषदेने नोव्हेंबर २००९ मध्ये मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने वाढविण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. त्यातून येणारा पैसा सर्वसाधारण कारभारासाठी होता. मतदारांनी तो स्पष्ट बहुमताने फेटाळला.

फेब्रुवारी २०१० पासून नगरातील सुमारे एक-तृतीयांश पथदिवे बंद करण्यात आले. उद्यानांतील कचरापेट्या काढून घेण्यात आल्या. भेट देणाऱ्यांनी आपला कचरा आपल्या घरी न्यावा, अशी सूचना झाली. हिरवळीचे पाणी तोडण्यात आले. सायंकाळच्या व सुटीच्या दिवसांच्या बसफेऱ्या थांबल्या. पोलीस व अग्निशमन दलांतील अनेक जागा रिकाम्या ठेवण्यात आल्या आणि पोलिसांची हेलिकॉप्टरे विक्रीस काढण्यात आली. ही वार्ता देशभर पसरली आणि करविरोधाचे समर्थक व विरोधक या दोघांनीही हे नगर आपापल्या मताचा पुरावा म्हणून पुढे केले.

या काळातील एक व्यवस्था विचारप्रवर्तक आहे. ज्यांना आपल्या रस्त्यावरील दिवा पुन्हा लावून हवा असेल, त्यांनी ठराविक रक्कम भरून तो ‘दत्तक’ घ्यावा, अशी मुभा नगराने दिली. काही नागरिकांनी ती स्वीकारली. कराच्या रूपाने जे देण्यास बहुमताने नकार दिला, तेच शुल्काच्या रूपाने देण्यास काहीजण तयार झाले. यातील विसंगती केवळ वरवरची आहे. शुल्क भरणाऱ्यास आपला दिवा आपल्या डोळ्यांसमोर दिसतो. कर भरणाऱ्यास आपला पैसा कोठे गेला ते दिसत नाही. परंतु जो दिवा रस्त्यावर उभा असतो त्याचा प्रकाश पैसे भरणाऱ्यापुरता थांबत नाही, आणि ज्या वस्तीत कोणालाच रक्कम परवडत नाही तेथे अंधारच राहतो. सार्वजनिक वस्तूला खाजगी किंमत लावली म्हणजे तिचे वाटप गरजेऐवजी ऐपतीवर ठरते, हे अर्थशास्त्रातील तत्त्व येथे पथदिव्यांच्या खांबांवर प्रत्यक्ष दिसले. बंद खांबांतील तांब्याच्या तारा चोरीस जाऊ लागल्या, तेव्हा बचतीच्या हिशेबात एक नवा खर्च आला.

तथापि समर्थकांची बाजूही नोंदविली पाहिजे. नगर त्यामुळे मोडून पडले नाही. अनेक उद्यानांची देखभाल स्वयंसेवकांनी अंगावर घेतली, काही सेवा खाजगी व धर्मादाय संस्थांकडे सोपविण्यात आल्या, आणि बाजार सावरल्यावर बहुतेक दिवे पुन्हा लागले. संकटाने कारभाराची पुनर्रचनाही घडविली. परिषद व तिने नेमलेला व्यवस्थापक ही जुनी पद्धत सोडून थेट निवडलेल्या महापौरास कार्यकारी सत्ता द्यावी, असा निर्णय मतदारांनी नोव्हेंबर २०१० मध्ये घेतला. २०११ मध्ये स्टीव्ह बाक हे या पद्धतीचे पहिले महापौर झाले. त्याच नोव्हेंबरात राज्यात कर व कर्ज यांवर आणखी कडक बंधने घालू पाहणारे तीन प्रस्ताव मतदानास आले होते. राज्याच्या मतदारांनी ते तिन्ही प्रचंड फरकाने नाकारले. मर्यादा हवी, पण तिलाही मर्यादा असावी, असा कौल त्यातून निघाला.

६. ओढा आणि खालचे गाव

दिव्यांपेक्षा कमी गाजलेले, पण परिणामांच्या दृष्टीने अधिक गंभीर असे प्रकरण पर्जन्यजलाचे होय. नगर जसजसे पसरले तसतशी जमीन डांबर व काँक्रीटने झाकली गेली. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वेगाने वाहू लागले. ते फाउंटन क्रीक या ओढ्याला मिळते. आणि हा ओढा दक्षिणेस वाहत जाऊन प्वेब्लो नगरापाशी आर्कान्सॉ नदीला मिळतो. वरच्या नगराचा गाळ, कचरा व पूर खालच्या नगराच्या वाट्याला येतो.

परिषदेने २००५ मध्ये पर्जन्यजलासाठी स्वतंत्र उपक्रम स्थापला आणि २००७ पासून मालमत्ताधारकांकडून शुल्क घेण्यास प्रारंभ केला. शुल्क व कर यांतील भेद येथे कळीचा होता. सेवेच्या मोबदल्यात घेतलेले शुल्क हे कर नव्हे. आणि जो सार्वजनिक उपक्रम मुख्यतः स्वतःच्या कमाईवर चालतो, तो मर्यादेच्या कक्षेबाहेर राहतो. विरोधकांनी या शुल्कास ‘पावसावरील कर’ असे उपहासाने संबोधिले. मतदारांना न विचारता बसविलेला कर, मग त्याचे नाव काहीही असो, सनदेच्या हेतूचा भंग करतो, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २००९ मध्ये, ज्या मतदानात मालमत्ता करवाढ पडली त्याच मतदानात, अशा उपक्रमांवर निर्बंध घालणारा ब्रूस यांचा प्रस्ताव मंजूर झाला. परिषदेने शुल्क रद्द केले. प्रादेशिक प्राधिकरण स्थापून हे काम करावे, हा पर्यायही नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी फेटाळला.

या मतदानांत प्वेब्लोच्या नागरिकांना मत नव्हते. सार्वमतामागील तत्त्व असे की ज्याला किंमत मोजावी लागते त्याने निर्णय घ्यावा. परंतु येथे निर्णय एका नगराने घेतला आणि त्याची किंमत दुसऱ्या नगराने गाळ व पूर यांच्या रूपाने मोजली. मतदारसंघाची सीमा व परिणामांची सीमा एक नसल्या म्हणजे बहुमताचा कौल कितीही शुद्ध असला, तरी तो अपुरा राहतो. मतपेटीने जे साधले नाही ते मग करार व न्यायालय यांच्या मार्गाने साधावे लागले. कोलोरॅडो स्प्रिंग्जला दक्षिणेकडील जलाशयातून पाणी आणण्याच्या योजनेसाठी प्वेब्लो परगण्याची अनुमती हवी होती. एप्रिल २०१६ मध्ये उभयतांत करार झाला आणि वीस वर्षांत पर्जन्यजलाच्या कामांवर ४६ कोटी डॉलर खर्चण्याचे कोलोरॅडो स्प्रिंग्जने मान्य केले. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये संघशासनाची पर्यावरण संस्था व कोलोरॅडो राज्य यांनी जलप्रदूषणाच्या कायद्याखाली नगरावर दावा दाखल केला; तो २०२१ मध्ये समझोत्याने मिटला. मर्यादेने टाळलेला खर्च नाहीसा झाला नव्हता. तो पुढे ढकलला गेला होता आणि अखेर कायद्याच्या सक्तीने परत आला.

७. नव्या अटींवर संमती : २०१५ नंतर

२०१५ मध्ये जॉन सदर्स महापौर झाले. ते त्यापूर्वी राज्याचे महान्यायवादी होते आणि त्या नात्याने त्यांच्या कार्यालयाने न्यायालयात या मर्यादेचा बचाव केला होता. मर्यादेचा शत्रू म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविणे कोणालाच शक्य नव्हते. त्यांनी मर्यादा उठविण्याची मागणी केली नाही. तिच्या चौकटीतच विशिष्ट मागणी केली. नगरातील रस्ते खड्ड्यांनी भरले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फक्त रस्त्यांसाठी, फक्त पाच वर्षांसाठी, ०.६२ टक्का विक्रीकराचा प्रस्ताव मांडला गेला. वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर त्यातून अपेक्षित होते. साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यास संमती दिली. सहा वर्षांपूर्वी करवाढ फेटाळणारे ते हेच नगर.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पर्जन्यजल-शुल्कही मतदारांच्या संमतीने परत आले. या वेळी प्रत्येक निवासी घरास दरमहा ५ डॉलर व वीस वर्षांची मुदत असे त्याचे स्वरूप होते. २०१९ मध्ये रस्त्यांचा कर किंचित कमी, ०.५७ टक्का, दराने पुढे चालू राहिला. २०२१ मध्ये जादा उत्पन्नातील २ कोटी डॉलर वणव्यांच्या प्रतिबंधासाठी ठेवून घेण्यास मतदारांनी मान्यता दिली. २०२३ मध्ये मात्र पोलीस प्रशिक्षण प्रबोधिनीसाठी ४७.५ लाख डॉलर ठेवून घेण्याची विनंती त्यांनी नाकारली. विशिष्ट हेतू सांगितला की होकार मिळतोच, असा यांत्रिक नियम या नकारामुळे टिकत नाही. हेतू पटावा लागतो आणि गरज डोळ्यांना दिसावी लागते. खड्डा रोज दिसतो; वणव्याची आठवण ताजी होती; प्रशिक्षणाची इमारत यांपैकी कोणत्याच वर्गात मोडत नव्हती.

८. घटनात्मक प्रश्न

या मर्यादेमागे एक मूलभूत प्रश्न उभा आहे. अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक स्वरूपाच्या शासनाची हमी दिली आहे. कर बसविण्याचा अधिकार प्रतिनिधींकडून काढून घेतला, तर ते शासन प्रातिनिधिक राहते काय? जनोपक्रमासंबंधी असाच प्रश्न ओरेगॉनमधून आला असता, हा विषय राजकीय असून न्यायालयाच्या निर्णयाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९१२ मध्ये ठरविले होते. कोलोरॅडोतील काही लोकप्रतिनिधींनी व इतरांनी २०११ मध्ये या मर्यादेविरुद्ध त्याच हमीचा आधार घेऊन संघ-न्यायालयात दावा केला. दशकभर तो वेगवेगळ्या न्यायालयांत फिरला आणि २०२१ मध्ये अपयशी ठरला. उत्तर शोधण्याचे काम अशा रीतीने राजकारणाकडे, पर्यायाने मतदारांकडेच परत आले.

कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या इतिहासातून या प्रश्नाचे जे उत्तर निघते ते मिश्र आहे. मर्यादेने प्रतिनिधींना आपली मागणी स्पष्ट शब्दांत, किमतीसह व मुदतीसह मांडण्यास शिकविले, हा तिचा निःसंशय लाभ होय. २०१५ चा रस्त्यांचा कर हा या शिस्तीचा परिपाक म्हणता येईल. परंतु अंदाजपत्रक ही वेगवेगळ्या मागण्यांची केवळ यादी नसते. मागण्यांची परस्परांशी तुलना करणे, दिसणाऱ्या गरजेबरोबर न दिसणाऱ्या गरजेचीही दखल घेणे, आजच्या मतदाराबरोबर उद्याच्या रहिवाशाचा व शेजारच्या गावाचाही विचार करणे, हे अंदाजपत्रकाचे खरे कार्य. प्रत्येक प्रश्न सुटा करून होय वा नाही असे विचारले, तर ही तुलना कोणीच करीत नाही. मतदार ती करू शकत नाही, कारण त्याच्यापुढे एका वेळी एकच प्रश्न येतो. परिषद ती करू शकत नाही, कारण तिच्या हाती मोकळा पैसा उरत नाही.

१९९१ च्या मतदारांनी आपल्या प्रतिनिधींवरील सर्वसाधारण विश्वास काढून घेतला. नंतरच्या मतदारांनी तो हप्त्याहप्त्याने, तारण घेऊन, परत दिला. उद्याने, पोलीस, रस्ते व गटारे यांना या रीतीने पैसा मिळाला. मात्र बहुतेक वेळा तो गरज उद्भवल्यानंतर आणि नुकसान डोळ्यांसमोर आल्यानंतर मिळाला. फाउंटन क्रीकच्या बाबतीत शुल्क रद्द होण्यापासून ते परत येईपर्यंत जी वर्षे गेली, ती ओढ्याने थांबून काढली नाहीत. नागरी खर्चाला मर्यादा घालावी की नाही, एवढाच प्रश्न विचारून म्हणून भागणार नाही. मर्यादा घालणाऱ्या बहुमतात ज्यांना मत नाही आणि ज्यांची गरज अद्याप दृष्टीस पडलेली नाही, त्यांच्या वतीने कोण बोलणार, या प्रश्नाचे उत्तर मर्यादेच्या कोणत्याही मसुद्यात आधी असावे लागेल. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मसुद्यात ते नव्हते. तीन दशकांच्या मतदानांतून ते त्या नगराला अंशतः आणि बरीच किंमत मोजून शोधावे लागले.